टिपरचा पुढचा हँगर: खाणीतल्या मोडीपासून दुरुस्तीपर्यंतच्या नोंदी

गाडी: दहा चाकी ६×४ टिपर, बॉडी १४ घनमीटर, व्हीलबेस ३,८८० मि.मी. पुढे दोन्ही बाजूंना पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) संच. पाट्यांचे पुढचे टोक हँगरमध्ये (चासीला जोडलेल्या ब्रॅकेटमध्ये) पिनने पक्के, मागचे टोक शॅकलवर (हलत्या दुव्यावर) झुलते.
वापर: वाघोली पट्ट्यातल्या दगडखाणीतून क्रशरपर्यंत काळा दगड.
काम: डावा पुढचा हँगर आणि त्यामागची चासी.

४ नोव्हेंबर २०२४

तक्रारी अशा: गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबताना आणि सोडताना पुढून एकेकदा ‘ठक्’ असा आवाज येतो, पुढचा डावा टायर एका कडेने खातो. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आधी हँगर बघायचा, अलाइनमेंटवाल्याकडे नंतर जायचे.

पाहणीआधी धुलाई. खाणीची भुकटी आणि ग्रीस यांचा लगदा चासीवर सिमेंटसारखा बसतो आणि त्याखाली तडा दिसत नाही. प्रेशर पंप, मग डिझेल, मग तारेचा ब्रश.

हँगरला आठ छिद्रे, चार-चारच्या दोन उभ्या रांगा. पुढची रांग वरून खाली १ ते ४, मागची ५ ते ८. पुढच्या सगळ्या नोंदी याच आकड्यांनी.

सापडले ते असे. ३, ४, ७ आणि ८ ढिले. रिव्हेटच्या एका टोकाला बोट लावून दुसऱ्या टोकावर हलकी हातोडी मारली की ढिला रिव्हेट बोटाला लगेच कळतो. ४, ७ आणि ८ मध्ये मूळ रिव्हेट नाहीतच, आधीच्या कोणत्यातरी दुरुस्तीत ८.८ ग्रेडचे, टोकापासून डोक्यापर्यंत आटे असलेले बोल्ट घातलेले. त्यांच्याभोवती तांबूस भुकटी ओघळली आहे. ही भुकटी म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर घासत असल्याची खूण. हँगरचा खालचा कान पिनच्या भोकापाशी तडकलेला. चासीच्या उभ्या बाजूत ८ नंबरपासून मागे-वर तिरका तडा, डोळ्याला दिसतो तेवढा ५५ मि.मी. खालचा फ्लँज, म्हणजे चासीची खालची आडवी बाजू, शाबूत. फ्लँज शाबूत आहे म्हणूनच दुरुस्तीचा विचार. तडा फ्लँजमध्ये उतरला असता तर तेवढा तुकडा बदलण्यावाचून इलाज नव्हता.

आणखी एक: हँगरच्या मागच्या कडेने चासीवर साध्या रॉडने वेल्डिंगची ओळ ओढलेली आहे. तडा तिच्याच पायथ्याशी जाऊन मिळतो.

५ नोव्हेंबर

काही सोडण्याआधी मापे. सपाट काँक्रीटवर गाडी रिकामी, स्टिअरिंग सरळ. दोन्ही बाजूंच्या हबच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या. पुढच्या एक्सलपासून मधल्या एक्सलपर्यंत उजवीकडे ३,८८० आणि डावीकडे ३,८६९ मि.मी. म्हणजे डावे चाक ११ मि.मी. मागे. एक्सलचे तोंडच डावीकडे वळले असल्यामुळे गाडी डावीकडे ओढते.

हे ११ मि.मी. कुठून आले याचा हिशेब लागल्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही. नुसता हँगर बदलला तर त्यातले दोन-तीन सुटतील आणि बाकीचे तसेच राहतील. हिशेब उद्या, खोलल्यावर.

हँगर ढिला का पडतो, तेही इथेच नोंदवून ठेवतो. ब्रेक मारला किंवा चाक दगडावर आपटले की जमीन एक्सलला मागे ढकलते. एक्सल मुख्य पाट्याला ओढतो आणि पाटा हँगरला. शॅकल झुलता असल्यामुळे तो या दिशेने काहीच धरत नाही, सगळी ओढ पुढच्या एका हँगरवर. भरली गाडी खाणीच्या उतारावर ब्रेक धरून उतरते तेव्हा वजनही पुढे येते. फोडलेला काळा दगड सैल भरला तर घनमीटरला साधारण १.६ टन, म्हणजे ब्रासला (१०० घनफुटांना) साडेचार टन. या गाडीला साडेतीन ब्रास झेपतात. बॉडी काठोकाठ भरली तर जवळजवळ पाच ब्रास बसतात, २२ टनांच्या वर.

ही ओढ बोल्टच्या दांड्याने पेलायची नसते. एम१४ (१४ मि.मी. जाडीचा), १०.९ ग्रेडचा बोल्ट नीट आवळला तर हँगर आणि चासी सुमारे ८ टनांच्या दाबाने एकमेकांवर दाबली जातात. आठ बोल्टांचे ६० टनांहून जास्त. घर्षण ०.१५ धरले तरी ९-१० टनांची ओढ येईपर्यंत हँगर जागचा हलत नाही. दाब गेला की हँगर सरकू लागतो, बोल्ट भोकाच्या कडेवर हातोडीसारखा आपटतो, भोक लांबट होते आणि त्याच्या कडेतून तडा निघतो. तडा दिसतो शेवटी, बिघाड सुरू होतो ढिलेपणापासून.

६ नोव्हेंबर

उतरवणे. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. बॉडी पूर्ण खाली. २० टनी जॅक एक्सलखाली, पण घोडे चासीखाली, शॅकल ब्रॅकेटच्या मागे. घोडे एक्सलखाली लावले तर एक्सल मोकळा सोडता येत नाही. चासी घोड्यांवर बसल्यावर जॅक हळूहळू उतरवून पाट्यांतला ताण काढला, मगच पाटे एक्सलला बांधणाऱ्या यू बोल्टला हात लावला.

यू बोल्ट ग्राइंडरने कापले. एकदा पूर्ण आवळलेला यू बोल्ट ताणलेला असतो, तो परत वापरायचा नाही, त्यामुळे नट वाचवण्यात वेळ घालवू नये. मात्र गॅस कटर पाट्याजवळ नको. ज्योतीचा एक चटका बसला तरी तिथले पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरते आणि काही महिन्यांनी पाटा नेमका तिथेच मोडतो.

रिव्हेट काढताना डोके ग्राइंडरने सपाट, मध्यावर सेंटर पंच, १२ चा ड्रिल, मग सुंब्याने ठोकून बाहेर. गॅसने डोके उडवणे झटपट होते, पण भोकाची कड जळून कडक होते आणि नवा तडा तिथूनच सुरू होतो.

११ मि.मी.चा हिशेब: लांबट भोकांमुळे सुमारे २, पिन आणि बुशच्या झिजेमुळे ३, हँगरचा तडकलेला कान उघडल्यामुळे १. उरलेले ५ सेंटर बोल्टपाशी, म्हणजे पाटे मध्यातून एकत्र धरून एक्सलवर जागेवर ठेवणाऱ्या बोल्टपाशी. त्याचे डोके कापून निघाले होते आणि एक्सल पाट्याखाली मागे सरकला होता. म्हणजे यू बोल्टही ढिले होते.

भोके: १, २, ५, ६ ठीक. ३ ठीक, त्यातला रिव्हेटच बारीक झाला होता. ४ चे माप १४.६, ७ आणि ८ चे लांबीच्या दिशेने १५.६.

७ नोव्हेंबर

पाटे कमानवाल्याकडे. डाव्या संचाची कमान उजव्यापेक्षा १२ मि.मी. कमी. दुसऱ्या पाट्याला सेंटरच्या भोकातून केसासारखा तडा. डाव्या पाट्याला ठोकून कमान देता येते, पण गरम करून ठोकले तर पुन्हा पाणी देऊन टेंपर करावे लागते आणि ते नेटके होईलच याची खात्री नसते. दोन्ही बाजूंचे पहिले दोन पाटे आणि सेंटर बोल्ट नवे. एकाच बाजूला नवे पाटे टाकले तर गाडी तिरकी बसते.

८ नोव्हेंबर

तड्याची खरी लांबी पाहण्यासाठी डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग), तीन डब्यांचा संच. रंग आणि गंज पूर्ण काढून, क्लीनरने पुसून लाल द्रव मारला आणि १५ मिनिटे थांबलो. लाल द्रव पुसताना क्लीनर थेट पत्र्यावर फवारायचा नाही, कापडावर घ्यायचा. थेट फवारला तर तड्यात शिरलेला रंगही धुऊन जातो. मग पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर आणि आणखी १० मिनिटे.

८ नंबरचा तडा ५५ नव्हे, ६४ मि.मी. ७ नंबरमधून खाली ८ च्या दिशेने १४ मि.मी.चा दुसरा तडा, जो नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. दोन्ही उभ्या बाजूतच. उजव्या बाजूला तडा नाही, पण तिथलेही ३ आणि ७ ढिले. उजवीकडचे काम याच खेपेस करायचे.

मोडलेला हँगर वेल्ड करून परत वापरावा का, हा प्रश्न दरवेळी निघतो. हा ओतीव लोखंडाचा आहे. ओतिवात कार्बन भरपूर, त्यामुळे वेल्डच्या शेजारची पट्टी थंड होताना काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. बाहेरून वेल्ड देखणा दिसतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कान शेजारून तुटतो. भंगारात.

९ नोव्हेंबर

तड्यांची तयारी. पेनिट्रंटने दाखवलेल्या टोकाच्या थोडे पुढे ३ आणि मग ६ मि.मी.चे भोक, म्हणजे तड्याचे अणकुचीदार टोक बोथट होते. भोक टोकाच्या अलीकडे पडले तर तडा त्याला वळसा घालून पुढे निघतो, म्हणून भोकाच्या आतल्या कडेवर पुन्हा पेनिट्रंट मारून तपासले. तड्याची खाच बाहेरून ६० अंशांची व्ही, तळाला २ मि.मी. फट. चासीची जाडी ७ मि.मी. जुन्या वेल्डची ओळ मुळासकट घासून काढली. मागे तांब्याची पट्टी, ७ आणि ८ च्या भोकांत तांब्याच्या गोल गुल्ल्या, म्हणजे वेल्ड भोकाच्या कडेपर्यंत भरीव येतो आणि नंतर रीमरने (भोक नेमक्या मापाला कापणाऱ्या हत्याराने) कड साफ करता येते.

११ नोव्हेंबर

वेल्डिंग. आधी बॅटरीच्या दोन्ही तारा, अल्टरनेटर आणि ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) सॉकेट सोडले. अर्थ क्लँप त्याच चासीवर, वेल्डपासून वीतभर अंतरावर. अर्थ एक्सलला किंवा चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर ठिणग्यांचे खड्डे पडतात.

रॉड ई७०१८. ओव्हनमध्ये ३०० अंशांवर भाजलेले, काम चालू असताना गरम डब्यात. हा रॉड दमट असला तर वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि पोलाद थंड झाल्यावर तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडकते. घरबांधणीच्या जाळीला वापरतात तो साधा ई६०१३ इथे मुळीच नको.

चासी गॅसच्या बर्नरने ११० अंशांपर्यंत तापवली, मोजायला तापमानाचा खडू. तळाची ओळ २.५ मि.मी. रॉडने ८० अँपिअरवर, भरणीच्या ओळी ३.१५ ने ११५ वर, खालून वर. रॉड पॉझिटिव्हला. आर्क आखूड. प्रत्येक ओळीनंतर स्लॅग छिन्नीने काढून तारेचा ब्रश. ६ मि.मी.ची भोकेही भरली. शेवटची ओळ दीड मि.मी. वर ठेवून संपवली आणि कोरड्या काचलोकरीखाली थंड होऊ दिली. पाणी नाही, ओले पोते नाही.

१३ नोव्हेंबर

दोन रात्री जाऊ देऊन मगच तपासणी, कारण हायड्रोजनचा तडा उशिरा उघडतो. आधी वेल्ड चासीच्या पातळीला घासला. ग्राइंडरचे ओरखडे चासीच्या लांबीच्या दिशेने ठेवले. आडवे ओरखडे ताणाला आडवे येतात, म्हणजे नव्या तड्याला आयती सुरुवात. पेनिट्रंट पुन्हा दोन्ही बाजूंनी: स्वच्छ.

१४ नोव्हेंबर

आधाराचा पत्रा. इथे बहुतेक ठिकाणी हात ढिला सुटतो आणि १२ मि.मी.चा जाड पत्रा चारी बाजूंनी वेल्ड केला जातो. तेवढा तुकडा इतका ताठ होतो की चासी त्याच्या कडेला वाकायला लागते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे नवा तडा.

घेतला तो ६ मि.मी., आयएस २०६२ चा ई३५० ग्रेड. चासीपेक्षा जाड नको. लांबी ६२० मि.मी., हँगरच्या पुढे-मागे दीडशेहून जास्त. दोन्ही टोके तिरकी कापून मध्ये खाच, म्हणजे ताठपणा एकदम न संपता हळूहळू संपतो. पत्र्याचे टोक क्रॉस मेंबरच्या (चासीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या तुकड्याच्या) कडेच्या बरोबर रेषेत येणार नाही हे पाहिले. पत्रा आतल्या बाजूने, चासी आणि क्रॉस मेंबरच्या गसेटच्या (जोडपत्र्याच्या) मध्ये. वेल्ड अजिबात नाही, हँगरचेच बोल्ट त्यातून जातात आणि टोकाकडे दोन-दोन बोल्ट उभ्या बाजूत. फ्लँजला भोक नाही.

पुठ्ठ्याचा साचा करून पत्रा कापला, चासीची भोके मार्गदर्शक धरून ड्रिल केला. पत्रे एकमेकांवर बसतात त्या जागी झिंक प्रायमरचा एकच पातळ हात. जाड रंग बोल्टच्या दाबाखाली दबत जातो आणि आवळलेला बोल्ट आपोआप सैल पडतो.

१६ नोव्हेंबर

नवा हँगर. बसवण्याआधी पिनच्या भोकांतून सरळ दांडा घालून पाहिला, मागच्या पाठीवर पट्टी ठेवून फीलर (फट मोजायची पातळ पट्टी): ०.१ मि.मी. कुठेही शिरत नाही. ओतिवाच्या कडेला राहिलेला काटा घासला. असा एक काटा राहिला तरी हँगर तीन ठिकाणीच टेकतो.

भोके: १, २, ३, ५, ६ ला १३.७५ ड्रिल आणि १४ रीमर. ४, ७, ८ ला १६ रीमर, हँगर, चासी, पत्रा आणि गसेट एकत्र क्लँप करून एका दमात. वेगवेगळी रीम केलेली भोके जुळत नाहीत, मग बोल्ट ठोकून घालावे लागतात.

बोल्टच्या लांबीचा हिशेब: हँगर १४ + चासी ७ + पत्रा ६ + गसेट ६ = ३३ मि.मी. दोन कडक वॉशर ६, नट १४, बाहेर तीन आटे ४.५. बेरीज ५७.५, म्हणून एम१४×१.५×६०. या लांबीच्या बोल्टला २६ मि.मी. साधा दांडा मिळतो. डोके हँगरकडे ठेवले की हँगर-चासीची सांध १७ वर आणि चासी-पत्र्याची २४ वर येते, दोन्ही आट्यांच्या बाहेर. एम१६ साठी ६० घेतला तर दांडा २२ वरच संपतो, म्हणून ६५. पूर्वीच्या दुरुस्तीतले पूर्ण आट्यांचे बोल्ट नेमके या सांधीत आटे घेऊन बसले होते.

दुकानात मायक्रोमीटर घेऊन जावे. त्याच पेटीतल्या बोल्टांचे दांडे १३.७५ पासून १३.९८ पर्यंत निघाले, त्यातले १३.९५ च्या वरचे निवडले. डोक्यावर १०.९ कोरलेले पाहूनच घ्यायचे. स्प्रिंग वॉशर घातला नाही. एवढ्या दाबाखाली तो पहिल्याच आवळणीत सपाट होतो आणि मग काहीच करत नाही. नट धातूचे लॉक नट, नवे.

आटे तेलाच्या बोटाने पुसून टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत: एम१४ ला ८०, १४०, २०० न्यूटन मीटर, एम१६ ला १२०, २१०, ३००. क्रम मधून बाहेर, आलटून पालटून. इम्पॅक्ट गनने फक्त नट चढवायचा, शेवट हातानेच. प्रत्येक नटावरून चासीवर पिवळ्या रंगाची रेघ.

१८ नोव्हेंबर

पाटे, पिन, शॅकल. गनमेटल बुश प्रेसवर बसवून लेथवर पिनच्या मापाला, फट ०.१२ मि.मी. पिनची ग्रीसची खाच आणि निपल जुळवून. एक्सलचे बसण्याचे पृष्ठ ब्रशने साफ केले. सेंटर बोल्टचे भोक झिजलेले नव्हते, ते झिजले असते तर नवा बोल्टही आठवड्यात कापला गेला असता. डोके भोकात पूर्ण बसल्याची खात्री करून मग यू बोल्ट.

यू बोल्ट एम२०×१.५, नवे. सुरुवात चाके वर असताना हाताने, शेवटची आवळणी चाके जमिनीवर टेकल्यावर, कोपऱ्यातून कोपऱ्यात, या गाडीच्या पुस्तकातल्या ४०० न्यूटन मीटरपर्यंत. ग्रीस मात्र चाके वर असतानाच भरले. वजन असताना भरलेले ग्रीस पिनच्या फक्त मोकळ्या बाजूला जाते, घासणारी बाजू कोरडी राहते.

१९ नोव्हेंबर

उजव्या हँगरचे ३ आणि ७ काढून त्याच पद्धतीने बोल्ट. तिथे पत्रा नाही, त्यामुळे बोल्ट ५५ चे.

२० नोव्हेंबर

विधानसभेचे मतदान. गॅरेज बंद.

२१ नोव्हेंबर

मापे पुन्हा: उजवीकडे ३,८८०, डावीकडे ३,८७९. टो-इन (पुढची चाके समोरून आत वळल्याचे माप) १ मि.मी. मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडला तर गाडी सरळ जाते. ब्रेकचा ‘ठक्’ गेला.

नंतर वजनकाट्यावर मोजून साडेतीन ब्रास भरले आणि खाणीचा उतार. खाली आल्यावर लगेच यू बोल्ट तपासले, प्रत्येक नट पाव आटा फिरला. नवे पाटे एकमेकांवर बसताना एवढे होतेच. हँगरच्या पिवळ्या रेघा जागच्या जागी.

२ डिसेंबर

सुमारे ५०० कि.मी.नंतर पुन्हा आवळणी. यू बोल्टचे दोन नट किंचित फिरले, बाकीचे टॉर्कवर. हँगरच्या बोल्टांना २०० आणि ३०० वर पाना टकटकला, नट हलला नाही. पत्र्याच्या टोकांशी आणि ८ च्या आसपास पेनिट्रंट: स्वच्छ.

चालकाला रोजची तपासणी सांगितली: सकाळी हँगरवरची भुकटी कापडाने पुसायची, नटाभोवती तांबूस ओघळ किंवा तुटलेली पिवळी रेघ दिसली तर दगड भरायचा नाही. ग्रीस दर आठवड्याला, चाक उचलून. लोडरवाल्याला बॉडीच्या आत साडेतीन ब्रासच्या पातळीवर लाल पट्टा मारून दिला आहे. पुढची आवळणी १,५०० कि.मी.वर.